बाब्याला सांगायचं की नाही?

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५२

आजवर इथे पाककृती आणि बागकामाचे धागेच वाचत आले. आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट आमच्या घरात मोठ्याने बोलता येत नाही.

सांगलीत एकत्र कुटुंब आमचं. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा, वय सोळा, यंदा दहावी. इथे त्याला बाब्या म्हणते. (घरातलं नाव वेगळं आहे. हे वाचलं तर चिडेल.) दीड वर्षापूर्वी डाव्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. वाढीचं वय आहे, दुखतंच, असं सगळे म्हणाले. एका डॉक्टरांनी महिनाभर मलम आणि क्रेप बँडेजवर काढलं. सूज उतरेना तेव्हा एमआरआय, मग बायोप्सी. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. टाटाला केमो, मग मांडीच्या हाडाचा खालचा भाग काढून आत धातूचा सांधा, मग पुन्हा केमो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने किती फेऱ्या झाल्या ते वहिनींना विचारा, त्यांना सीट नंबरसकट पाठ आहे.

पाय वाचला. यंदा गणपतीत आरतीला काठी बाजूला ठेवून उभा राहिला. आणि दिवाळीआधीच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत गाठी. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी भाऊजी-वहिनींना वेगळं बसवून सांगितलं की आता केमो देऊन फक्त त्रास होईल. यापुढे दुखणं आणि दम यांवरच औषध द्यायचं. किती दिवस, या प्रश्नाला म्हणाले, "वर्षाची भाषा नको, महिन्यांचा विचार करा."

बाब्याला सांगितलंय, ट्रीटमेंटला ब्रेक आहे.

तेव्हापासून घरात सगळे हसतात. एवढं हसणं आमच्या घरात कधीच नव्हतं. भाऊजी दुकान बंद करून दहाला येतात आणि विनोद सांगतात. भाऊजी! नणंदबाई जिन्यातच डोळे पुसतात आणि मग वर येतात. येणारा-जाणारा म्हणतो, काय धीराचं कुटुंब आहे. मला त्या शब्दाची चीड यायला लागलीय. एकमेकांकडे न बघणं, हाच आमचा धीर. त्याची धाकटी बहीण, पाचवीतली चिमी, हिला पुढच्या आठवड्यात कराडला मामाकडे पाठवायचं घाटतंय.

त्याला सांगायचं का? कोणी? कसं? अनुभव असेल त्यांनीच लिहा, ही विनंती.

दुपारचा_चहा | १० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

अनुभव नाही, म्हणून सल्ला देत नाही. वाचून नुसती बसून राहिले होते, एवढंच सांगायचं होतं.

आशावादी | १० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सोळा वर्षांच्या पोराला सांगून काय मिळवणार? आशेवर माणूस जगतो. माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं. शांतपणे गेले. कृपया सांगू नका.

देवराई | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०२

*(हा प्रतिसाद काढून टाकला आहे. आजारावरील हमखास उपाय, वैद्यांचे फोन नंबर आणि "चौथ्या स्टेजचा बरा झालेला पेशंट" या धाग्यावर चालणार नाहीत. व्यवस्थापन)*

सिस्टर४२ | १० नोव्हेंबर, दुपारी ३:४०

ड्यूटी संपवून लिहितेय, विस्कळीत असेल. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) नर्स आहे, बरीच वर्षं. मुलांच्या वॉर्डातही काम केलंय.

कृष्णाकाठ ताई, "सांगायचं का" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी त्याला विचारा. "तुला काय वाटतं रे, डॉक्टर काय म्हणाले असतील?" एवढंच. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आपल्याला लगेच "काही नाही रे, होशील बरा" म्हणायचं असतं. तो जेवढं विचारेल तेवढंच उत्तर द्यायचं, पण खोटं द्यायचं नाही. त्याला विषय नको असेल तर तो क्रिकेटवर जाईल. मग आपणही क्रिकेटवर जायचं. पुन्हा कधीतरी तोच दार उघडतो.

आणि एक सांगू? माझ्या पाहण्यातली या वयाची बहुतेक मुलं आधीच ओळखून असतात. केमो थांबली, सगळे अचानक गोड बोलायला लागले, मोबाईल हवा तितका वेळ मिळायला लागला. मूर्ख नसतात हो ती.

आता दुखण्याचं. मॉर्फिन सुचवलं असेल तर घाबरू नका. "मॉर्फिन म्हणजे शेवट", "सवय लागेल" हे आमच्या ओपीडीत रोज ऐकते. नीट मोजून दिलेलं मॉर्फिन व्यसन लावत नाही, आयुष्यही कमी करत नाही. साधी गोळी साधारण चार तासांनी घ्यायची असते. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून. बद्धकोष्ठता मात्र होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. हे सांगायचं राहतं आणि मग लोक मॉर्फिनच बंद करतात.

गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणार नाहीत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने इतके परवाने लावले होते की हॉस्पिटलं ठेवायचंच सोडून द्यायची. २०१४च्या दुरुस्तीने ते सोपं झालं, तरी मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्याव्या लागतात. टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागाकडून सांगलीजवळचं केंद्र लिहून घ्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून, तिथे पेशंटला आणि सोबतच्या घरच्यांना ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटची काळजी घेणारी जागा. पण तुम्हाला घरीच करायचं असेल तर तेही जमतं.

आशावादी, तुमच्या वडिलांचा मान ठेवून विचारते: ते शांतपणे गेले की गप्प राहून गेले?

आशावादी | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

हे जरा जास्त झालं.

सिस्टर४२ | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४५

हो, झालं. माफ करा. सकाळपासूनचा दिवस वाईट होता.

रानमोगरा | ११ नोव्हेंबर, पहाटे १:१०

चिमीबद्दल लिहायचंय.

मी चिमी होते. नऊ वर्षांची, अमरावती, नव्वदचं दशक. दादाला रक्ताचा कॅन्सर होता. मला कोणी सांगितलं नाही. "दादाला ताप आहे" एवढंच. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत मला आजोळी पाठवलं. मला वाटलं मी त्याच्याशी कंपासपेटीवरून भांडले म्हणून पाठवलं. आजोळी सगळ्यांनी माझे लाड केले, आंबे, झोपाळा. एके दिवशी आजी मला उगाच कुशीत घेऊन बसली, मला तर गरम होत होतं.

परत आले तेव्हा त्याची कॉट नव्हती. त्या जागी शिलाई मशीन.

मी आईला विचारलं नाही. ती रडेल म्हणून. आई बोलली नाही, मी रडेन म्हणून. असं आम्ही अकरा वर्षं काढली, एका घरात. आज चाळिशी ओलांडली तरी कंपासपेटीचा आवाज आला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

चिमीला कराडला पाठवू नका. तिला काहीतरी काम द्या. दादाला पाणी नेऊन देणं असेल, काहीही. आणि तिला स्पष्ट सांगा की हे कोणामुळे झालेलं नाही, भांडणामुळे नाही, आणि शिवल्याने होत नाही.

दुपारचा_चहा | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:००

रानमोगरा 🙏

कृष्णाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री १२:३०

विचारलं.

रात्री दूध द्यायला गेले होते. हात थरथरत होता म्हणून पेला टेबलावर ठेवला आणि सिस्टर४२ यांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, पाठांतर केल्यासारखं.

तो म्हणाला, "काकू, फाईलची पिशवी माझ्याकडंच असते की."

डिस्चार्जच्या कागदावर 'बेस्ट सपोर्टिव्ह केअर' असं लिहिलं होतं, म्हणजे आजारावर नाही, आता फक्त त्रासावर उपचार. परतीच्या गाडीत वहिनी झोपल्यावर त्याने ते मोबाईलवर शोधलं. मध्ये रेंज नव्हती. साताऱ्याला आली. म्हणजे सातारा ते सांगली हे पोरगं एकटं जागं होतं.

मग म्हणाला, "आईला ठाऊक आहे का? तिला कोणी सांगितलं नसेल तर आता सांगू नका."

माझं तोंडच शिवलं गेलं. तो आमच्यासाठी हसत होता आणि आम्ही त्याच्यासाठी.

त्याने तीन गोष्टी विचारल्या. दम कोंडून मरायला होतं का? चिमीला कोण सांगणार? आणि मग बीजगणित सोडलं तर चालेल का, भूगोल करतो. पहिल्याचं उत्तर मला येत नव्हतं, तसंच सांगितलं. विचारून सांगते म्हणाले. दुसऱ्याला "मी" म्हणाले. तिसऱ्याला हो म्हटलं. आता शाळा काय म्हणेल ते म्हणो.

सिस्टर, पहिल्याचं काय सांगू त्याला?

सिस्टर४२ | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

हे सांगा: दम लागेल, पण त्यावर औषध आहे आणि तुला एकट्याला सोसावं लागणार नाही. मॉर्फिन नुसतं दुखण्यावर नाही, थोड्या मात्रेत दम लागल्याची भावनाही कमी करतं. घाबरल्यावर दम वाढतो, म्हणून घबराटीवरचं औषधही डॉक्टर लिहून देतात. पाठीला उशा लावून बसवायचं, खिडकी उघडी, आणि बॅटरीवरचा छोटा हातपंखा चेहऱ्यावर धरायचा. हसू नका, गालावर आणि नाकावर वारा लागला की खरंच बरं वाटतं. पंखा त्याच्याच हातात द्या.

आणि तुम्ही "मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हणालात, ते फार चांगलं झालं. आता तो तुमच्यावर विश्वास ठेवेल.

टेम्सकाठी | १४ नोव्हेंबर, रात्री २:२०

इंग्लंडात राहते, सोशल वर्कर आहे. इकडे १९९० पासून टीनएज कॅन्सर ट्रस्टने किशोरवयीन मुलांचे वेगळे वॉर्ड उभे केले, कारण ही मुलं ना चित्रांच्या भिंती असलेल्या बालविभागात बसतात ना म्हाताऱ्यांच्या खोलीत. जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिसही इकडचंच, ऑक्सफर्डचं हेलन हाऊस, १९८२. त्याच्या शेजारी किशोर-तरुणांसाठी डग्लस हाऊस २००४ मध्ये निघालं आणि २०१८ मध्ये पैशाअभावी बंद पडलं. तेव्हा "तिकडे सगळं छान" असं समजू नका.

एकच अनुभवाचं सांगते. या वयाच्या मुलांना एकांत लागतो. आजारपणात तो पहिला जातो. आंघोळ कोणी घालायची हे त्याला ठरवू द्या. आणि दिवसातून एक तास त्याच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय कोणी जायचं नाही.

आशावादी | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सगळं वाचतोय. सिस्टर, तुमच्या प्रश्नावर चार दिवस झोप नाही. वडील शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाले होते, "बँकेचे कागद कुठायत बघून ठेव." मी म्हणालो, "बाबा, असलं काही बोलू नका." मग ते बोललेच नाहीत.

कृष्णाकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

वहिनींना सांगितलं की त्याला माहीत आहे. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोळ्या मी लाटायच्या आणि त्या भाजायच्या, आवाज फक्त लाटण्याचा. तिसऱ्या रात्री त्याच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला. वहिनींनी नवस बोललाय, बाब्या बरा झाला की सांगलीहून नरसोबाच्या वाडीला अनवाणी. तो म्हणत होता, "काम झालं नाही तर नवस फेडायचा नसतो आई, नियमच हाय तसा. उगाच पाय भाजून घेशील." त्या म्हणाल्या, "तुला कुणी सांगितला नियम?" आणि मग दोघं रडले. दार बंद होतं, मी जिन्यात बसून होते, भाऊजी माझ्या वरच्या पायरीवर. भाऊजी आत गेले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि बाब्याची दाढी करून दिली. म्हणजे दाढी कसली, लव. त्याला पहिल्यांदा वस्तरा लावायचा होता, तो वडिलांनी लावला.

चिमी घरीच आहे. तिच्याकडे गोळ्यांचा तक्ता दिलाय. चार वाजता घरभर ओरडत फिरते.

आता खरी अडचण. बाब्याला एसटीचं वेड आहे. लहानपणापासून वहीत बसचे नंबर लिहितो. कुणी विचारलं, मनात काय इच्छा आहे, तर पाहुण्यांना वाटतं हा विमान म्हणेल किंवा एखादा क्रिकेटपटू. ह्याला साध्या लाल गाडीतून, पहिल्या बाकावरून जायचंय. घेऊन जाणं शक्य आहे का?

एसटीप्रेमी_०७ | २२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न या संस्थळावर कोणीतरी विचारला ज्याचं उत्तर मला येतं.

लांबचा रूट घेऊ नका. दुपारी बारा ते तीन गर्दी कमी. ड्रायव्हरच्या मागच्या नव्हे, दाराकडच्या पहिल्या सीटवर बसवा, पाय लांब करता येतो आणि समोरची काच पूर्ण मिळते. आदल्या दिवशी स्टँडवर कंट्रोलरना भेटून ठेवा. आणि त्याला विचारा, एमएच-१४ हवी का एमएच-२०? दापोडीच्या वर्कशॉपात बांधलेली आणि चिकलठाण्याची, यात फरक असतो. त्याला माहीत असेल.

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

विचारलं. म्हणाला, "एमएच-४० सांगलीत कुठनं येणार, हिंगण्याची असती ती. दापोडीची बघा." आणि "हा माणूस कोण आहे?" असं दोनदा विचारलं. तुम्ही दोघं बोलाल का? आयडी निरोपात पाठवते.

सिस्टर४२ | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

निघायच्या अर्धा तास आधी मॉर्फिनचा जादा डोस द्यायचा का ते डॉक्टरांना विचारून ठेवा, खड्ड्यांचा रस्ता आहे. कुशन, उलटीची पिशवी, पाणी. आणि अर्ध्या वाटेत परत फिरावं लागलं तरी ट्रिप फुकट गेली असं समजू नका.

कृष्णाकाठ | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

जाऊन आलो. सांगली ते नरसोबाची वाडी. वाडी ही वहिनींची अट होती, गाडी त्याची.

कंडक्टर त्याचं तिकीट काढायलाच तयार नाहीत. हा हट्टाला पेटला, वहीत चिकटवायला पूर्ण तिकीट पाहिजे. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मला आणि वहिनींना म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून एक माणूस." जयसिंगपूरपर्यंत ड्रायव्हरशी क्लच प्लेटवर गप्पा. शिरोळच्या पुढे दमला, डोळे मिटून बसला, पण हात पुढच्या दांडीवर.

वाडीला वहिनी दर्शनाला गेल्या. हा गाडीतून उतरलाच नाही. ड्रायव्हरनी त्याला त्यांच्या सीटवर बसवलं आणि स्वतः खाली उभे राहून तंबाखू मळत बसले. मी कवठाची बर्फी घेऊन आले तर हा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता समोर बघत होता. हॉर्नही वाजवला नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, "स्टँडात वाजवायचा नसतो."

रात्री खूप दुखलं. दोनदा जादा गोळी. सकाळी म्हणाला, परवडलं.

एसटीप्रेमी_०७ | ४ डिसेंबर, रात्री ११:००

त्याने मला गाडीचा नंबर पाठवलाय. माझ्या वहीत लिहून घेतला.

कृष्णाकाठ | ११ जानेवारी, पहाटे ४:४०

दोन आठवडे कॉटवरच आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणलाय, त्याच्या आवाजाची सवय झाली. एक नातेवाईक म्हणतात, "आयसीयूत न्या, प्रयत्न तरी करा, लोक काय म्हणतील." भाऊजी पहिल्यांदा तोंड उघडून बोलले. म्हणाले, "त्याला आमच्यात राहायचंय. लोकांना मी उत्तर देतो." बाब्याने तसं आधीच सांगून ठेवलं होतं, वडिलांना, दाढीच्या वेळी म्हणे.

सिस्टर, घरीच झालं तर पुढे काय करायचं असतं? हे विचारताना लाज वाटतेय.

सिस्टर४२ | ११ जानेवारी, सकाळी ६:००

लाज कसली. हे आधी विचारणारेच त्या रात्री धावपळ न करता मुलाजवळ बसू शकतात.

फॅमिली डॉक्टरांना आजच घरी बोलवा, फाईल दाखवा, रात्री-अपरात्री येतील का ते विचारा. घरी मृत्यू झाल्यावर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४-अ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा असतो, तोच पुढे नोंदणीला लागतो. आधी बोलणं झालेलं नसेल तर लोक निष्कारण हॉस्पिटलात धावतात.

शेवटी श्वासात घरघर येईल, मध्ये मध्ये श्वास थांबून पुन्हा सुरू होईल. ऐकणाऱ्याला भयंकर वाटतं, तो तेव्हा बहुधा शुद्धीवर नसतो. खाणं-पिणं बंद होईल, जबरदस्तीने भरवू नका. ओठ ओले करा. बोलत राहा, ऐकू येत असेल असं समजून. चिमीला आत येऊ द्या आणि हवं तेव्हा बाहेरही जाऊ द्या.

आशावादी | ११ जानेवारी, सकाळी ९:१०

मी मिरजेला असतो. रात्री-अपरात्री गाडी लागली तर निरोपात नंबर पाठवलाय. बाकी काही बोलत नाही.

कृष्णाकाठ | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

बाब्या २७ जानेवारीला गेला. पहाटे, घरात. हातात पंखा होता, बॅटरी संपेपर्यंत चालू राहिला. चिमीने तक्त्यावर सहाच्या गोळीसमोर स्वतःच रेघ मारली. वहिनी रडतात, जेवतात, परत रडतात. भाऊजी दुकानात जातात. विनोद बंद झालेत, बरं झालं.

आशावादी पहाटे साडेपाचला दारात होते. त्यांचं खरं नाव मला आत्ता कळलं.

वही एसटीप्रेमी यांना द्यायची, असं त्याने पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पत्ता निरोपात कळवा.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कुठे द्यायच्या? आणि कॉन्सन्ट्रेटर, एअर बेड, फोल्डिंग वॉकर घरात पडून आहे. कोणाला हवंय का?

सिस्टर४२ | ९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

गोळ्या जिथून घेतल्या तिथेच परत करा, मोजून, कागदावर सही घ्या. दुसऱ्या पेशंटला परस्पर देऊ नका, बेसिनमध्येही टाकू नका.

ताई, तुम्हीही जेवा.

एसटीप्रेमी_०७ | ९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

पोस्टाने नको. मी येतो. सांगलीला, एसटीने.

तासगावकर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

धागा सगळा वाचला, काय लिहावं सुचत नाही. सासूबाईंना फुफ्फुसाचा त्रास आहे, कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतलाय, परवडत नाही. तुमचा अजून असेल तर हवा होता. किती लिटरचा आहे?

कृष्णाकाठ | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४५

पाच लिटरचा. फिल्टर नवीन आहे. एअर बेडही घेऊन जा. रविवारी दुपारी या, भाऊजी घरी असतात, ते कसा चालवायचा ते दाखवतील.